हे उत्तर दिलं कोणी? वेब सर्व्हरचे स्टेटस कोड वाचण्याची पद्धत

साइट बंद पडली की आधी सर्व्हर रीस्टार्ट करायचा, ही सवय अनेकांना असते. त्याने कधीकधी साइट चालूही होते, पण बिघाड कुठे होता हे दाखवणाऱ्या खुणाही त्याच झटक्यात पुसल्या जातात. म्हणून कशालाही हात लावण्याआधी सर्व्हरने पाठवलेला तीन आकडी स्टेटस कोड वाचा. हा कोड बिघाडाचं कारण सांगत नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट असलेलं बरं. तो दोनच गोष्टी सांगतो: उत्तर देणाऱ्याच्या मते अडचण कोणाच्या बाजूला आहे, आणि पुढचं पाऊल कोणी उचलायचं. कारण सापडतं लॉगमध्ये, म्हणजे प्रत्येक सर्व्हर किंवा प्रोग्रॅम स्वतःच्या कामाची जी नोंद ठेवतो तिच्यात. पण लॉग कोणाचा उघडायचा, हे ठरतं ते उत्तर कोणी दिलं यावरून. त्यामुळे प्रत्येक कोडसमोर मी हाच प्रश्न आधी ठेवतो: हे बोललं कोण?

आधी कोड प्रत्यक्ष पाहा

स्क्रीनवर दिसणाऱ्या पानावरून अंदाज बांधू नका. ‘क्षमस्व, काहीतरी बिघडलं’ असं लिहिलेलं देखणं पान २०० कोडसोबत येऊ शकतं, आणि संपूर्ण कोरं पान ५०० सोबत.

ब्राउझरमध्ये एफ१२ दाबा आणि नेटवर्क हा टॅब उघडा. तिथे ‘प्रिझर्व्ह लॉग’ आणि ‘डिसेबल कॅश’ या दोन चौकटींवर खूण करून पान पुन्हा लोड करा. पहिली खूण केली नाही तर एका पानावरून दुसऱ्या पानावर जाताना आधीच्या रिक्वेस्ट (ब्राउझरने सर्व्हरकडे केलेल्या मागण्या) यादीतून गायब होतात, आणि नेमका हवा असलेला रिडायरेक्ट (दुसऱ्या पत्त्यावर वळवणारं उत्तर) हातातून निसटतो. आता यादीतली सगळ्यात वरची, मूळ पानाची ओळ निवडा. स्टेटसच्या रकान्यात कोड दिसेल, ओळीवर क्लिक केलं की हेडर, म्हणजे मजकुरासोबत जाणारी त्याच्याबद्दलची माहिती, दिसतील.

इथेच ‘बोललं कोण’ हा प्रश्न पहिल्यांदा उपयोगी पडतो, कारण या यादीतली काही उत्तरं सर्व्हरकडून आलेलीच नसतात. ‘डिसेबल कॅश’ची खूण नसताना २०० च्या बाजूला ‘डिस्क कॅश’ असा उल्लेख असेल तर ब्राउझरने जुनी प्रत वापरली, सर्व्हरला विचारलंही नाही. ‘सर्व्हिस वर्कर’ दिसत असेल तर तुमच्याच साइटच्या स्क्रिप्टने मधल्या मध्ये उत्तर दिलेलं आहे. क्रोममध्ये कधीकधी ‘३०७ इंटर्नल रिडायरेक्ट’ दिसतो. साइटने पूर्वी कधीतरी ‘माझ्याकडे फक्त एचटीटीपीएसने यायचं’ असं हेडरमधून कळवलेलं असतं, आणि ब्राउझर ते लक्षात ठेवून स्वतःच वळण घेतो. हा ३०७ सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्ये शोधत बसलात तर कधीच सापडणार नाही.

टर्मिनलची सवय असेल तर कर्ल हे साधन जास्त भरवशाचं, कारण ते ब्राउझरची कॅश आणि साठलेल्या कुकी यांपासून मोकळं असतं. कॅपिटल आय हा पर्याय दिला की फक्त हेडर येतात, सोबत कॅपिटल एल दिला की रिडायरेक्टचा प्रत्येक टप्पा ओळीने दिसतो. एक सावधगिरी मात्र हवी. कॅपिटल आय दिल्यावर कर्ल ‘गेट’ (पूर्ण पान मागणं) ऐवजी ‘हेड’ (फक्त हेडर मागणं) पद्धतीची रिक्वेस्ट पाठवतं. काही अॅप्लिकेशनना ही पद्धत नीट हाताळता येत नाही आणि ती ४०५ किंवा चक्क ५०० देतात. शंका आली तर साध्या ‘गेट’ने पडताळून पाहा.

आणि कोडच आला नाही तर? ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’, ‘नाव सापडलं नाही’, ‘सर्टिफिकेट चुकीचं’ हे स्टेटस कोड नव्हेत. तिथे एचटीटीपीचं (ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्यांचं) संभाषण सुरूच झालेलं नसतं. अशा वेळी डीएनएस (साइटच्या नावावरून सर्व्हर शोधणारी यंत्रणा), फायरवॉल, पोर्ट आणि सर्टिफिकेटची मुदत तपासा. अॅक्सेस लॉगमध्ये, म्हणजे आलेल्या रिक्वेस्टच्या नोंदीत, त्या रिक्वेस्टची ओळ सापडणार नाही.

पहिल्या अंकाला जास्त महत्त्व द्या

१९९१ च्या सुमाराच्या पहिल्यावहिल्या एचटीटीपीत स्टेटस कोड नव्हतेच. सर्व्हर एचटीएमएल पाठवायचा आणि कनेक्शन तोडायचा. चूक झाली तर तीही एचटीएमएलमध्येच वाक्य लिहून कळवायचा. माणसाला ते वाचता येई, प्रोग्रॅमला चूक आणि बरोबर यांतला फरक कळायला मार्ग नव्हता. मे १९९६ मध्ये आरएफसी १९४५ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात एचटीटीपी १.० नोंदवलं गेलं, त्यात आजच्या कोडांचा पाया दिसतो. सध्या लागू असलेलं वर्णन जून २०२२ च्या आरएफसी ९११० मध्ये आहे.

त्यातला एक नियम कायम लक्षात ठेवण्याजोगा आहे. ओळखीचा नसलेला कोड आला तर पहिला अंक पाहायचा आणि त्या गटातल्या ‘शंभरी’ कोडसारखा तो वागवायचा. म्हणजे अनोळखी ४७१ आला तर ४०० समजून चालायचं. प्रोग्रॅम लिहिताना तुम्हीही असंच करा, मोजक्या पाच-सहा कोडांची यादी करून बाकीच्यांना वाऱ्यावर सोडू नका. कोडपुढच्या ‘ओके’, ‘नॉट फाउंड’ या शब्दांवर तर काहीच अवलंबून ठेवू नका. एचटीटीपी २ पासून ते शब्द पाठवलेच जात नाहीत, नुसता आकडा येतो.

१ ने सुरू होणारा कोड म्हणजे काम चालू आहे, अंतिम उत्तर अजून यायचं आहे. यातला १०१ वेबसॉकेट जोडताना दिसतो, बाकीच्यांशी रोजच्या कामात फारसा संबंध येत नाही. २ म्हणजे रिक्वेस्ट पोहोचली, समजली, स्वीकारली. ३ म्हणजे काम पुरं व्हायला विचारणाऱ्यानेच अजून काहीतरी करायचं आहे. ४ म्हणजे उत्तर देणाऱ्याच्या मते रिक्वेस्टमध्येच अडचण आहे. ५ म्हणजे रिक्वेस्ट ठीक दिसते, पण ती पुरी करणं आपल्याला जमलं नाही, अशी त्याची कबुली.

४ पाहून ‘वापरणाऱ्याची चूक’ असं म्हणून हात झटकू नका. तुमच्याच पानावरच्या तुटक्या लिंकमुळे आलेला ४०४ किंवा तुमच्याच फॉर्मने चुकीचा डेटा पाठवल्यामुळे आलेला ४०० हे दोन्ही ४ नेच सुरू होतात, आणि दुरुस्त तुम्हालाच करायचे असतात.

२०० आला म्हणून सगळं ठीक नसतं

नवीन नोंद तयार झाली तर २०१. काम स्वीकारलं पण अजून झालेलं नाही, तर २०२. काम झालं आणि परत पाठवायला काही नाही, तर २०४. अर्धवट राहिलेलं डाउनलोड पुढे चालू करताना किंवा व्हिडिओ मधूनच पाहताना २०६. एवढं पुरे.

खरा त्रास खोट्या २०० चा आहे. एपीआय (एका प्रोग्रॅमने दुसऱ्याशी बोलायची सोय) २०० देते आणि आत बॉडीमध्ये, म्हणजे उत्तराच्या मुख्य मजकुरात, ‘त्रुटी: रक्कम चुकीची’ असं लिहिते. माणूस ते वाचेल. पण मधली कॅश, देखरेखीचं साधन, सर्च इंजिनचा क्रॉलर, पुन्हा प्रयत्न करणारी लायब्ररी हे सगळे आकडा पाहून निर्णय घेतात. त्यांच्या दृष्टीने सगळं सुरळीत असतं. कॅश ते चुकीचं उत्तर साठवून पुढच्या शंभर जणांना देऊ शकते.

एकपानी अॅप्लिकेशनमध्ये हे हमखास घडतं. आतल्या पानावर रिफ्रेश केलं की ४०४ येतो, कारण तो पत्ता फक्त ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला ठाऊक असतो. मग कोणीतरी ‘फाइल सापडली नाही तर मुखपृष्ठ द्या’ असा नियम सर्व्हरवर टाकतं. रिफ्रेशची तक्रार मिटते, पण आता कुठलाही निरर्थक पत्ता टाकला तरी २०० येतो. गूगल अशा पानांना ‘सॉफ्ट ४०४’ म्हणतं. हरवलेली प्रतिमा किंवा स्क्रिप्ट फाइल मागितली तरी एचटीएमएल मिळतं आणि कन्सोलमध्ये भलत्याच चुका दिसू लागतात. निदान प्रतिमा, स्क्रिप्ट आणि एपीआयचे पत्ते या नियमातून वगळा.

रिडायरेक्ट निवडताना दोन प्रश्न

३०१, ३०२, ३०७ आणि ३०८ यांतला कोणता वापरायचा हे ठरवायला दोन प्रश्न विचारा. बदल कायमचा आहे का? आणि मूळ रिक्वेस्टची पद्धत तशीच राहायला हवी का?

३०१ कायमचा, ३०२ तात्पुरता. पण या दोन्हींमध्ये ब्राउझर ‘पोस्ट’ची (डेटा पाठवणारी) रिक्वेस्ट ‘गेट’मध्ये बदलतात आणि फॉर्ममध्ये भरलेला मजकूर वाटेत गळून पडतो. ही जुनी वागणूक इतकी रुजली होती की शेवटी प्रमाणकानेही तिला मुभा दिली, आणि पद्धत न बदलण्याची हमी देणारे वेगळे कोड आणले. ३०७ तात्पुरता, ३०८ कायमचा. साइट एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर नेल्यावर पानं दिसतात पण एपीआयला पाठवलेला डेटा रिकामा पोहोचतो, अशी तक्रार असेल तर ३०१ च्या जागी ३०८ लावून पाहा. जुने पत्ते वापरणाऱ्यांना नव्या पत्त्यावर आणा हे तर आहेच.

३०१ आणि ३०८ ब्राउझर साठवून ठेवतात. चुकीच्या पत्त्यावर ३०१ लावून तो मागे घेतला तरी आधी येऊन गेलेल्या लोकांचे ब्राउझर जुन्याच वाटेने जात राहू शकतात, आणि त्यांच्या मशीनपर्यंत तुमचा हात पोहोचत नाही. त्यामुळे नवी रचना आधी ३०२ ने चालवा, सगळे पत्ते तपासा, मगच ३०१ करा.

‘रिडायरेक्ट जास्त झाले’ असं सांगून ब्राउझर थांबला तर तुमच्याकडे चक्र तयार झालं आहे. याचं नेहमीचं कारण ओळखीचं आहे. पुढचा प्रॉक्सी (मधला सर्व्हर) किंवा सीडीएन (साइटच्या प्रती ठिकठिकाणाहून देणारं जाळं) एचटीटीपीएसचं एन्क्रिप्शन स्वतःकडेच उलगडतो आणि मागच्या सर्व्हरशी साध्या एचटीटीपीने बोलतो. मागच्या सर्व्हरला वाटतं की पाहुणा असुरक्षित वाटेने आला, म्हणून तो त्याला एचटीटीपीएसवर पाठवतो. पाहुणा पुन्हा त्याच प्रॉक्सीतून येतो आणि पुन्हा तेच. उपाय असा: मूळ रिक्वेस्ट कोणत्या प्रोटोकॉलने आली हे सांगणारं ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’ हेडर प्रॉक्सीने पाठवावं आणि अॅप्लिकेशनने ते मानावं.

३०४ याच गटात असला तरी तो कुठेही नेत नाही. ‘तुझ्याकडची प्रत अजून ताजी आहे’ एवढंच तो सांगतो. लॉगमध्ये तो भरपूर दिसला तर काळजी नको, त्यामुळे बँडविड्थ वाचते.

चारशेच्या घरात

४०१ म्हणजे तू कोण हे मला कळलं नाही. ४०३ म्हणजे तू कोण ते महत्त्वाचं नाही किंवा कळलं, पण परवानगी नाही. ४०१ आला तर पुन्हा लॉगिन करून उपयोग होतो, ४०३ आला तर सहसा होत नाही. तुमचं अॅप्लिकेशन या दोघांची सरमिसळ करत असेल तर ते आधी सुधारा, कारण मोबाइल अॅप याच फरकावरून वापरणाऱ्याला लॉगिनच्या पडद्यावर पाठवायचं की नाही हे ठरवतं.

४०३ चा माग काढताना पुन्हा तोच प्रश्न. एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये ‘१३: परमिशन डिनाइड’ असेल तर फाइलची परवानगी पाहाच, पण तिच्यावरच्या प्रत्येक फोल्डरमध्ये शिरायची परवानगी वेब सर्व्हरच्या युजरला आहे का हेही पाहा. बहुतेक वेळा तिथेच अडकलेलं असतं. ‘डायरेक्टरी इंडेक्स फॉरबिडन’ असेल तर त्या फोल्डरमध्ये मुख्य फाइलच नाही. आणि अॅक्सेस लॉगमध्येही त्या रिक्वेस्टची ओळ नसेल तर ४०३ बहुधा पुढच्या फायरवॉलने किंवा सीडीएनने दिला आहे, तुमच्या सर्व्हरपर्यंत रिक्वेस्ट आलीच नाही.

४०४ चंही तसंच. येणाऱ्या पानाचं रूप नीट पाहा. पांढऱ्या पार्श्वभूमीवर मध्यभागी कोडची एक ओळ आणि खाली एनजिनएक्सचं नाव असेल तर उत्तर एनजिनएक्सने दिलं, तुमच्या अॅप्लिकेशनला याची खबरही नाही. तेव्हा फोल्डरचा मार्ग आणि ‘लोकेशन’चे नियम तपासा. तुमच्या साइटच्या रंगरूपातलं ४०४ असेल तर रिक्वेस्ट आत पोहोचली होती. मग राउट (पत्ता आणि पान जोडणारा नियम) किंवा डेटाबेसमधली नोंद शोधा. एवढ्या एका निरीक्षणाने शोधाचं निम्मं क्षेत्र बाद होतं.

पान हेतुपुरस्सर, कायमचं काढलं असेल तर ४१० द्या. पानाला योग्य पर्याय असेल तर ३०१. सगळी काढलेली पानं मुखपृष्ठाकडे वळवणं मला अजिबात पटत नाही. वाचणारा जे शोधत होता ते त्याला मिळत नाही, आणि ते आता अस्तित्वात नाही हेही त्याला कोणी सांगत नाही.

४१३ म्हणजे पाठवलेला मजकूर फार मोठा, तो फाइल अपलोड करताना येतो. एनजिनएक्समध्ये रिक्वेस्टच्या बॉडीची मूळ मर्यादा १ एमबी आहे. अॅप्लिकेशनमधली मर्यादा वाढवूनही फरक पडत नसेल तर इथे पाहा. एखाद्याच व्यक्तीला ४०० येतो आणि बाकी सगळ्यांना पान दिसतं, असं असेल तर फुगलेल्या कुकीवर संशय घ्या, कुकी पुसून पाहायला सांगा. ४०५ म्हणजे पत्ता बरोबर, पद्धत चुकीची. कोणत्या पद्धती चालतात ते सोबतच्या ‘अलाउ’ हेडरमध्ये असायला हवं.

४२९ हा एप्रिल २०१२ च्या आरएफसी ६५८५ मधून आला. अर्थ: रिक्वेस्ट फार झाल्या, दम घे. सोबत ‘रिट्राय-आफ्टर’ हेडर असेल तर त्यातली वेळ पाळा. इथे एक खाचखळगा आहे. एनजिनएक्सची रिक्वेस्टवरची मर्यादा मुळात ४२९ देत नाही, ५०३ देते. त्यामुळे मर्यादेत अडकलेले लोक तुमच्या देखरेखीत ‘सर्व्हर बंद’ म्हणून मोजले जातात, आणि तुम्ही नसलेला बिघाड शोधत राहता. ‘लिमिट-रेक-स्टेटस’ या सेटिंगमध्ये ४२९ घालून टाका.

पाचशेच्या घरात सावकाश चला

आजच्या बहुतेक साइटवर रिक्वेस्ट एका ओळीतल्या अनेकांच्या हातांतून जाते: सीडीएन, मग एनजिनएक्ससारखा प्रॉक्सी, मग अॅप्लिकेशन, मग डेटाबेस. ५०० सहसा अॅप्लिकेशन देतं. ५०२ आणि ५०४ त्याच्या पुढे उभा असलेला देतो, मागच्याबद्दल तक्रार म्हणून. हे समजलं की कोणता लॉग उघडायचा हे आपोआप ठरतं.

५०० आला तर अॅप्लिकेशनचा एरर लॉग उघडा, तिथे न पकडलेला एक्सेप्शन (प्रोग्रॅमने न हाताळलेली चूक) सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त. अपाचे या वेब सर्व्हरवर ‘डॉट-एचटीअॅक्सेस’ या सेटिंगच्या फाइलमध्ये एक चुकीची ओळ असली तरी ५०० येतो. नुकताच त्या फाइलला हात लावला असेल तर तिथूनच सुरू करा.

५०२ म्हणजे प्रॉक्सीला मागून नीट उत्तर मिळालं नाही. प्रॉक्सीच्या एरर लॉगमध्ये त्याच क्षणाची ओळ शोधा. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असेल तर मागे कोणी ऐकतच नाही: अॅप्लिकेशन बंद आहे, किंवा वेगळ्या पोर्टवर किंवा सॉकेटवर चालू आहे. ‘अपस्ट्रीमने कनेक्शन मुदतीआधी बंद केलं’ अशा अर्थाची ओळ असेल (अपस्ट्रीम म्हणजे प्रॉक्सीच्या मागचा) तर अॅप्लिकेशनने रिक्वेस्ट घेतली आणि मधेच ते कोसळलं. अशा वेळी लिनक्सच्या कर्नल लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ शोधा. मेमरी संपल्यावर कर्नल स्वतः प्रोसेस मारतो, आणि मारल्या गेलेल्या प्रोसेसला स्वतःच्या लॉगमध्ये काही लिहायची संधीच मिळत नाही. अॅप्लिकेशनचा लॉग स्वच्छ आहे आणि तरी ५०२ येतो, या कोड्याचं उत्तर अनेकदा हे असतं.

५०४ म्हणजे मागचा बोललाच नाही, प्रॉक्सी वाट पाहून थांबला. एनजिनएक्समध्ये मागच्याकडून वाचण्याची ही वाट मुळात ६० सेकंदांची असते. सगळ्यात पहिला मोह होतो तो हा आकडा ३०० करण्याचा. तसं केल्याने डेटाबेसला विचारलेली संथ क्वेरी वेगवान होत नाही. उलट अडकलेली कनेक्शनं जास्त वेळ जागा अडवून बसतात आणि धीम्या एका पानामुळे चांगली पानंही बंद पडू लागतात. आधी कोणत्या पत्त्याला वेळ लागतो ते शोधा. काम खरोखरच लांबलचक असेल तर ते मागे रांगेत टाका आणि लगेच २०२ द्या.

५०४ बद्दल आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. प्रॉक्सी थांबला म्हणजे अॅप्लिकेशनही थांबलं असं नाही. वापरणाऱ्याला ५०४ दिसला, तरी मागे त्याची ऑर्डर नोंदली गेलेली असू शकते. तो पुन्हा बटण दाबतो आणि दुसरी ऑर्डर तयार होते. ‘गेट’, ‘पुट’ आणि ‘डिलीट’ या पद्धती पुन्हा पाठवल्या तरी सर्व्हरवरचा परिणाम तोच राहावा अशी अपेक्षा आहे, ‘पोस्ट’ला तशी हमी नाही. म्हणून पैशांशी संबंधित प्रत्येक ‘पोस्ट’सोबत एक अनन्य क्रमांक पाठवा, आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर नवीन नोंद न करता आधीचं उत्तर परत द्या.

५०३ कधीकधी मुद्दामही वापरायचा असतो. देखभालीसाठी साइट बंद ठेवताना ‘लवकरच परत येतो’ हे पान २०० सोबत दिलं तर सर्च इंजिन तेच तुमचा मजकूर समजू शकतं. ५०३ द्या आणि ‘रिट्राय-आफ्टर’मध्ये सेकंद किंवा तारीख लिहा. पण हा उपाय थोड्या वेळापुरताच. पानं दीर्घकाळ ५०३ देत राहिली तर ती शोधातून वगळली जाऊ शकतात.

प्रमाणकात नसलेले कोडही दिसतील. एनजिनएक्सच्या लॉगमधला ४९९ म्हणजे उत्तर मिळण्याआधीच समोरचा निघून गेला. तो अचानक वाढला तर पानं संथ झाली आहेत असं समजा, कंटाळून लोक टॅब बंद करत आहेत. ५२० च्या पुढचे कोड क्लाउडफ्लेअर या सीडीएनचे: ५२१ म्हणजे मूळ सर्व्हरने कनेक्शन नाकारलं, ५२२ म्हणजे कनेक्शन जोडताना वेळ संपली. ५२२ असेल तर मूळ सर्व्हरच्या फायरवॉलने क्लाउडफ्लेअरचेच पत्ते अडवलेत का हे आधी पाहा.

तक्रार येण्याआधी लॉग मोजा

अपाचे आणि एनजिनएक्सच्या नेहमीच्या अॅक्सेस लॉगमध्ये ओळ मोकळ्या जागेवर तोडली तर नवव्या रकान्यात स्टेटस कोड असतो. ऑक या टर्मिनलच्या साधनाने तो रकाना काढून सॉर्ट आणि युनिक या साधनांतून मोजला की कोणता कोड किती वेळा आला याचं चित्र मिळतं. आकडा किती हे एकट्याने फार काही सांगत नाही, कालच्या तुलनेत काय बदललं ते पाहा. नवी आवृत्ती टाकल्यावर ४०४ वाढले तर फाइलची नावं बदलली असतील, ४०१ वाढले तर टोकनची (लॉगिनची ओळख पटवणाऱ्या खुणेची) रचना.

दुरुस्ती झाल्यावर फक्त बिघडलेलं पान उघडून थांबू नका. अस्तित्वात नसलेला पत्ता मुद्दाम टाका, ४०४ यायला हवा. लॉगिन न करता आतलं पान मागा, एपीआयकडून ४०१ यायला हवा. जुन्या पत्त्यावर जा आणि एकाच उडीत नव्यावर पोहोचता का ते मोजा. शेवटी अॅप्लिकेशन क्षणभर बंद करा, अर्थात चाचणीच्या सर्व्हरवर, आणि देखरेखीच्या साधनाकडून ५०२ चा इशारा खरंच येतो का ते पाहा.